लॅबव्ह्यूमधे चालू स्क्रीनवर कंट्रोल कमी-जास्त कसे करायचे: कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

"सर, युजर जितके चॅनेल टाकेल तितके कंट्रोल आपोआप तयार झाले पाहिजेत, कसं करू?" हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की आता एकदाच सविस्तर लिहून टाकतो. सोबत बहुतेक वेळा लॅबव्ह्यूच्या (वायरी जोडून प्रोग्रॅम बनवायचं सॉफ्टवेअर) ब्लॉक डायग्रामचा, म्हणजे वायरिंगच्या पानाचा, फोटो असतो, त्यात बिचाऱ्याने व्हीआय (लॅबव्ह्यूचा प्रोग्रॅम) स्क्रिप्टिंगचा, म्हणजे प्रोग्रॅमनेच प्रोग्रॅम बनवायचा, न्यू व्हीआय ऑब्जेक्ट लावलेला असतो, आणि दोन दिवस एररशी झटापट झालेली असते.

तर आधी हे डोक्यात बसवा. चालू असलेल्या व्हीआयच्या फ्रंट पॅनेलवर (युजरला दिसणारी स्क्रीन) नवा कंट्रोल (बटण, आकड्याचा चौकोन वगैरे) जन्माला घालता येत नाही. स्क्रिप्टिंग चालतं ते फक्त एडिट मोडमधल्या व्हीआयवर, आणि ईएक्सई (ग्राहकाला द्यायचा तयार प्रोग्रॅम) बनवली की रनटाइम इंजिनमधे तेही नाही. दुसऱ्या भाषांमधे बटण रनटाइमला (प्रोग्रॅम चालू असताना) बनवायची सवय असलेल्यांना हे पटायला वेळ लागतो. इथे काम नाटकासारखं चालतं, सगळे पात्रं पडदा उघडायच्या आधीच विंगेत उभी पाहिजेत, प्रयोग चालू असताना आपण फक्त कोणाला स्टेजवर आणायचं आणि कुठे उभं करायचं एवढंच ठरवतो. म्हणून यातलं अर्ध्याहून जास्त काम प्रोग्रॅम रन करायच्या आधीचं आहे आणि लोक नेमकं तेच टाळतात.

उदाहरण म्हणून टेम्परेचर लॉगिंगचा टेस्ट बेंच घेतो. ग्राहक कधी ६ थर्मोकपल (तापमानाचे सेन्सर) लावतो, कधी २२. प्रत्येक चॅनेलला एक कार्ड हवं: नाव, चालू रीडिंग, हाय लिमिट, अलार्मचा एलईडी आणि एक चालू-बंद बटण.

१. माउसला हात लावायच्या आधी: जास्तीत जास्त किती?

ग्राहकाला विचारा, आणि "कितीही" हे उत्तर ऐकून घेऊ नका. हार्डवेअरला किती चॅनेल आहेत ते बघा, तोच आकडा तुमची मर्यादा. आमच्या उदाहरणात २४.

आता रस्ता निवडायचा. तीन आहेत.

पहिला, क्लस्टरचा (वेगवेगळे घटक एकत्र बांधलेला गट) ॲरे (एकसारख्यांची यादी). सगळ्यात सोपा, ॲरेला किती एलिमेंट दिसायचे ते रनटाइमला नंबर ऑफ रोज या प्रॉपर्टीने बदलता येतं. पण एक मोठी गोम आहे. ॲरेच्या सगळ्या एलिमेंटचं रंगरूप एकच असतं, फक्त व्हॅल्यू वेगळी. म्हणजे तिसऱ्या चॅनेललाच लाल करा, पाचव्याच चॅनेलचं बटण डिसेबल करा, असं काहीही होत नाही, एकाला केलं की सगळ्यांना होतं. अशी गरजच नसेल तर डोळे झाकून ॲरे घ्या आणि हा लेख इथेच बंद करा, खरंच सांगतो.

दुसरा, आधीच बनवून ठेवलेल्या कार्डांचा साठा. २४ कार्डं पॅनेलवर ठेवायची, लागतील तेवढी दाखवायची, बाकीची लपवायची. माझ्या कामात बहुतेक वेळा हाच रस्ता लागतो, म्हणून खाली जास्त जागा त्यालाच दिलीय.

तिसरा, सबपॅनेल (दुसऱ्या व्हीआयची स्क्रीन आत दाखवणारी चौकट) आणि क्लोन (त्याच व्हीआयची स्वतंत्र चालणारी प्रत). प्रत्येक चॅनेलची स्वतःची वेगळी स्क्रीन असेल, ग्राफ असेल, स्वतःचा लूप असेल तेव्हा. याच्याबद्दल शेवटी शेवटी.

थांबा: २४ च्या ऐवजी २०० निघाले तर कार्ड हा प्रकारच सोडा. मल्टिकॉलम लिस्टबॉक्स किंवा टेबल घ्या. दोनशे कार्डं कोणी बघतही नाही.

२. एक कार्ड, पण पूर्ण कार्ड

एक क्लस्टर बनवा, त्यात आतले सगळे घटक टाका, आणि कस्टमाइझमधे जाऊन टाइप डेफ (सगळ्या कॉप्यांचा एकच मूळ साचा) करा. साध्या टाइप डेफमधे डेटाच्या प्रकारातला बदल सगळ्या कॉप्यांना पोचतो, पण रंग, आकार, फॉन्ट असले बदल पोचत नाहीत. स्ट्रिक्ट केलं तर दिसणं पण एकसारखं राहतं पण मग एखाद्याच कार्डाचं रूप बदलायची मोकळीक जाते. मी साधाच टाइप डेफ ठेवतो, म्हणून कॉप्या काढायच्या आधी पहिलं कार्ड शंभर टक्के फायनल करतो. साइझ, फॉन्ट, सगळं. नाहीतर २४ वेळा तेच करत बसाल.

इथे एक खड्डा आहे ज्यात जवळजवळ प्रत्येकजण पडतो. क्लस्टरमधे कंट्रोल (युजर बदलतो तो) आणि इंडिकेटर (फक्त दाखवतो तो) एकत्र राहू शकत नाहीत, एकतर सगळे कंट्रोल नाहीतर सगळे इंडिकेटर. आपल्या कार्डात रीडिंग हा इंडिकेटर हवा आणि लिमिट हा कंट्रोल हवा, म्हणजे झालीच पंचाईत. उपाय असा: पूर्ण क्लस्टर कंट्रोलच ठेवायचा, आणि रीडिंग आणि एलईडी हे दोन राइट क्लिक करून ॲडव्हान्स्डमधून डिसेबल करून टाकायचे, ग्रे करायचे नाहीत. ऑपरेटरला ते बदलता येत नाही आणि दिसायला इंडिकेटरसारखंच दिसतं. प्रोग्रॅममधून व्हॅल्यू लिहिली तर व्यवस्थित जाते.

चालू-बंद बटणाची मेकॅनिकल ॲक्शन स्विच व्हेन रिलीज्ड ठेवा. लॅच (बटण आपोआप परत जागेवर येणारी ॲक्शन) ठेवलीत तर व्हॅल्यू प्रॉपर्टी वापरताना एरर ११९३ येणार.

चॅनेलच्या नावासाठी आत वेगळी स्ट्रिंग ठेवू नका, क्लस्टरचं कॅप्शन वापरा. लेबल रनटाइमला बदलता येत नाही, बदलायला गेलात की एरर १०७३. कॅप्शन बदलता येतं. मात्र कॅप्शन एडिट मोडमधेच व्हिजिबल आयटम्समधून एकदा दाखवून ठेवा आणि लेबल लपवा.

तपासा: एकच कार्ड असताना छोटा व्हीआय चालवून कॅप्शन बदलतंय का, रीडिंगवर ऑपरेटरला टाइप करता येत नाहीये ना, बटण दाबल्यावर दाबलेलंच राहतंय ना. हे तीन झाल्याशिवाय कॉपी काढू नका.

३. कॉप्या आणि नावं

कार्डाचं लेबल सीएच_०१ असं ठेवा. हा पुढचा शून्य महत्त्वाचा आहे. शून्य नसेल तर सॉर्ट करताना सीएच_१० हा सीएच_२ च्या आधी येतो आणि मग दहाव्या सेन्सरचं रीडिंग भलत्याच कार्डात. कॉपी केल्यावर लॅबव्ह्यू स्वतःच नवीन नाव देतं, ते जसंच्या तसं सोडू नका, २४ ही लेबलं एकदा डोळ्याखालून घाला.

हाताने २४ कॉप्या काढायचा कंटाळा असेल तर इथे स्क्रिप्टिंग खरंच कामाचं आहे, कारण हे एडिट टाइमचं काम आहे. टूल्स, ऑप्शन्स, व्हीआय सर्व्हर, तिथे स्क्रिप्टिंगची फंक्शन दाखवायचा चेकबॉक्स आहे. वेगळा छोटा व्हीआय लिहायचा जो मुख्य व्हीआयच्या पॅनेलवर कार्डं बनवून लेबलं देऊन सेव्ह करतो. त्या वेळी मुख्य व्हीआय रन होत नसावा. एकदा चालवा आणि बाजूला ठेवा.

लेबल इंग्रजीतच टाइप करा. कॅप्शन मराठीत द्यावं असं वाटणारच, मलाही वाटलं होतं, ऑपरेटर लोकांना सोपं जातं. पण लॅबव्ह्यू विंडोजच्या जुन्या कोड पेजवर चालतं, युनिकोडचा अधिकृत सपोर्ट नाही, आणि देवनागरीला तसं कोड पेजच नाही, त्यामुळे "भट्टी १" च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. ठराविक दोन-चार शब्द असतील तर त्यांची चित्रं बनवून पिक्चर रिंगमधे टाका, नाहीतर सरळ रोमन लिपीत "भट्टी" लिहा, ऑपरेटर वाचतात.

४. रेफरन्स गोळा करणे

मुख्य व्हीआय सुरू झाला की सगळ्यात आधी, लूपच्या बाहेर, एकदाच:

व्हीआयचा रेफरन्स (डायग्राममधून त्या वस्तूपर्यंत पोचायचा दुवा), त्यातून पॅनेल, त्यातून कंट्रोल्सचा ॲरे. यात पॅनेलवरचं सगळंच येतं, स्टॉप बटण, ग्राफ, काय असेल ते. फॉर लूप लावून प्रत्येकाचं लेबल वाचा, सीएच_ ने सुरू होत असेल तरच ठेवा. ठेवताना लेबल आणि रेफरन्स असा छोटा क्लस्टर करून ॲरेत टाका, लेबल पहिलं. मग सॉर्ट वनडी ॲरे, तो क्लस्टरच्या पहिल्या घटकावर सॉर्ट करतो. झाली रांग.

हा ॲरे ज्या क्रमाने येतो तो टॅब ऑर्डरचा असेल, डावीकडून उजवीकडे असेल, असं काहीही गृहीत धरू नका. आज बरोबर येतो, उद्या कोणीतरी एखादं कार्ड मागे-पुढे केलं की क्रम बदलतो. क्रमावर विश्वास नाही, नावावर ठेवायचा. कार्डाच्या आतल्या घटकांचे रेफरन्स घेतानाही तेच, लेबल बघून घ्या.

पुढे क्लस्टरची खास प्रॉपर्टी लागली तर टू मोअर स्पेसिफिक क्लास लावा. चुकीचा क्लास दिला तर एरर येते, ती गिळू नका.

तपासा: ॲरेची साइझ २४ आली पाहिजे. २३ आली तर एखाद्या लेबलमधे स्पेस किंवा टायपो आहे, तिथेच थांबा आणि शोधा.

५. लावणी: दाखवणे, लपवणे, जागेवर बसवणे

इथे क्रम चुकला की स्क्रीन फडफडते किंवा गोठते. माझा क्रम असा:

१) चॅनेलची संख्या इन रेंज अँड कोअर्समधून काढून ० ते २४ मधे बांधा. जास्त मागितले तर ऑपरेटरला मेसेज द्या, गुपचूप कापू नका.

२) पॅनेलची डिफर पॅनेल अपडेट्स प्रॉपर्टी ट्रू करा, म्हणजे स्क्रीन तेवढा वेळ बदलत नाही.

३) फॉर लूप, २४ वेळा. प्रत्येक कार्डाला आधी व्हॅल्यू रीसेट, मग कॅप्शन, मग पोझिशन, आणि सगळ्यात शेवटी व्हिजिबल. व्हिजिबलला काय द्यायचं, तर लूपचा आय (० पासून मोजलेला फेरीचा नंबर) चॅनेलच्या संख्येपेक्षा लहान आहे का, एवढंच. दाखवायला वेगळा लूप आणि लपवायला वेगळा असं करू नका.

४) डिफर परत फॉल्स.

पोझिशनचं गणित कोशंट अँड रिमेंडरने. माझं कार्ड २२० बाय ११० पिक्सेल, मधे १० ची फट, एका ओळीत ५ कार्डं. आयला ५ ने भागायचं. डावीकडून अंतर २० अधिक बाकी गुणिले २३०, वरून अंतर ६० अधिक भागाकार गुणिले १२०. दहावं कार्ड म्हणजे आय ९, भागाकार १, बाकी ४, म्हणजे डावीकडून ९४०, वरून १८०. एकदा कागदावर असं एखादं कार्ड काढून बघा, मग वायर करा.

ओळीत ५ का? आधी मी ४ ठेवले होते. माझ्या मॉनिटरवर मस्त दिसत होतं. साइटवर पॅनेल पीसी निघाला १३६६ बाय ७६८ चा, आणि ४ कॉलम म्हणजे ६ ओळी, शेवटची ओळ ७७० पिक्सेलला संपते, वर विंडोची टायटल पट्टी आणि खाली टास्कबार. शेवटच्या चार चॅनेलचे एलईडी कोणाला दिसतच नव्हते. ५ कॉलममधे सगळं ६५० ला संपतं. आता मी समोरच्याच्या स्क्रीनचं रिझोल्यूशन विचारल्याशिवाय सुरुवातच करत नाही.

थांबा: डिफरचा सगळ्यात वाईट प्रकार हा. प्रॉपर्टी नोडच्या (प्रॉपर्टी वाचणारा-लिहिणारा डायग्राममधला डबा) एरर इनमधे एरर आली तर तो नोड चालतच नाही. आपण एरर वायर सरळ लूपमधून शेवटच्या डिफर फॉल्सपर्यंत ओढलेली असते. लूपमधे एक रेफरन्स बिघडला, एरर १०५५ आली, की डिफर फॉल्स होतच नाही आणि पॅनेल गोठतं. प्रोग्रॅम आतून चालू, स्क्रीन मेलेली. लोक तासन् तास हार्डवेअर तपासत बसतात. म्हणून त्या शेवटच्या नोडला आधीची एरर जोडूच नका, तो लूपनंतर चालेल अशी दुसरी कुठली तरी वायर द्या आणि एरर पुढे मर्ज एरर्सने एकत्र करा.

आणि व्हॅल्यू रीसेट का, ते माझ्याच चुकीतून सांगतो. लपवलेलं कार्ड जुनी व्हॅल्यू विसरत नाही. सोमवारी २२ चॅनेलची टेस्ट झाली, मंगळवारी ६ ची, बुधवारी १० ची. सात ते दहा नंबरची कार्डं परत स्टेजवर आली ती सोमवारचं हाय लिमिट घेऊन, ३५० डिग्री. नवीन टेस्टची मर्यादा होती १२०. पार्ट तापत गेला आणि एलईडी शांत. नशीब, ऑपरेटर जुना होता, त्याने आकडा बघून हीटर बंद केला. तेव्हापासून आधी व्हॅल्यू, मग व्हिजिबल. आणि अलार्म तपासणारा लूप २४ वेळा नाही, चालू संख्येइतकाच फिरला पाहिजे, नाहीतर लपलेलं कार्डही अलार्म वाजवतं आणि स्क्रीनवर लाल कुठेच दिसत नाही.

६. इव्हेंट: एकदाच रजिस्टर करा

२४ कार्डांसाठी २४ इव्हेंट केस (युजरने काही बदललं की चालणारा कोड) लिहिलेले डायग्राम मी पाहिलेत. गरज नाही. रेफरन्सचा पूर्ण ॲरे रजिस्टर फॉर इव्हेंट्सला द्या, व्हॅल्यू चेंज निवडा, इव्हेंट स्ट्रक्चरवर राइट क्लिक करून डायनॅमिक इव्हेंट टर्मिनल दाखवा आणि जोडा. एकच केस.

सगळे २४ सुरुवातीलाच रजिस्टर करून टाका. संख्या बदलली म्हणून परत परत रजिस्टर करायचं कारण नाही, लपलेल्या कार्डावर कोणी क्लिक करूच शकत नाही. लूपच्या आत रजिस्टर करत बसलात आणि अनरजिस्टर विसरलात तर मेमरी वाढत जाते. बाहेर पडताना एकदा अनरजिस्टर, बस.

केसच्या आत कंट्रोल रेफ मिळतो, त्याचं लेबल वाचा, शेवटचे दोन आकडे काढा, तोच तुमचा चॅनेल. नवीन व्हॅल्यू व्हेरिअंट (कुठल्याही प्रकारचा डेटा मावणारं पाकीट) म्हणून येते, टाइप डेफचा कॉन्स्टंट देऊन व्हेरिअंट टू डेटा.

रीडिंग लिहिताना पूर्ण क्लस्टर लिहायचा मोह टाळा. ऑपरेटर लिमिट १२० वरून १५० करत असतो, तेवढ्यात तुमचा लूप जुना क्लस्टर वर आपटतो आणि लिमिट परत १२०. "सॉफ्टवेअर आकडा घेतच नाही" अशी तक्रार आली की पहिलं हेच बघा. फक्त आतल्या रीडिंगच्या रेफरन्सवर व्हॅल्यू लिहा. आणि साधी व्हॅल्यू लिहा, सिग्नलिंगवाली नको, ती इव्हेंट उडवते, त्या इव्हेंटमधे तुम्ही परत लिहिता, आणि मग बसा फिरत.

प्रॉपर्टी नोड यूआय थ्रेडमधे (स्क्रीनचं काम करणारी रांग) चालतो, म्हणून तो डेटा घेणाऱ्या लूपमधे टाकू नका. स्क्रीन सेकंदाला दोन-चार वेळा बदलली तरी माणसाला पुरते.

७. तिसरा रस्ता: सबपॅनेल आणि क्लोन

इथे आलेल्यांचा पहिला गैरसमज: सबपॅनेल वापरलं की सगळं आपोआप बनतं. नाही. सबपॅनेल हाही कंट्रोलच, तोही रनटाइमला जन्माला येत नाही. एकतर एकच सबपॅनेल ठेवून त्यात चॅनेल बदलत राहा, नाहीतर सबपॅनेलचाच साठा करून वरची लावणी त्यांना लावा.

चॅनेलचा व्हीआय रीएंट्रंट (एकाच वेळी अनेक प्रती चालणारा) करा, प्रीॲलोकेटेड क्लोन. ओपन व्हीआय रेफरन्सला ऑप्शन ८ द्या, प्रत्येक वेळी उघडला की नवा क्लोन मिळतो. मग सबपॅनेलची इन्सर्ट व्हीआय मेथड, मग रन व्हीआय मेथड, त्यात वेट अंटिल डन फॉल्स.

बरेच जण त्याऐवजी स्टार्ट असिंक्रोनस कॉल वापरतात, ऑप्शन हेक्समधे ८०. चालतं, पण तेव्हा तुमच्या हातातला रेफरन्स त्या एका क्लोनचा नसतो, आणि तोच सबपॅनेलमधे टाकला की पॅनेल दिसतं पण काही हलत नाही, कारण चालणारा क्लोन दुसराच आहे. अशा वेळी क्लोनने आतून स्वतःचा रेफरन्स क्यूने मुख्य व्हीआयला पाठवायचा आणि तो इन्सर्ट करायचा.

थांबा: ज्या व्हीआयची विंडो डेव्हलपमेंटमधे वेगळी उघडी आहे तो सबपॅनेलमधे जात नाही. टाकायच्या आधी ती बंद करा.

बंद करण्याची सोय सुरुवातीलाच करा. युजर इव्हेंट किंवा नोटिफायरने सगळ्या क्लोनना थांबा सांगायचं, ते थांबल्याची खात्री करायची, मगच मुख्य व्हीआय संपवायचा.

८. ईएक्सई बनवताना

डेव्हलपमेंटमधे चालतं आणि ईएक्सईमधे एरर ७, म्हणजे फाइल सापडली नाही. व्हीआय जर पाथने उघडत असाल तर ॲप्लिकेशन बिल्डरला त्याचा पत्ताच नसतो. बिल्ड स्पेसिफिकेशनमधे सोर्स फाइल्समधे जाऊन तो ऑल्वेज इन्क्लुडेडमधे टाका, किंवा डायग्रामवर स्टॅटिक व्हीआय रेफरन्स ठेवून त्यातून नाव घ्या, मग तो आपोआप येतो. आणि सोर्स फाइल सेटिंग्जमधे त्या व्हीआयचं फ्रंट पॅनेल काढून टाकायचं ऑप्शन बंद आहे ना ते बघा, पॅनेलच नसेल तर सबपॅनेलमधे दाखवणार काय.

ईएक्सई हातात आली की ग्राहकाकडे नेण्याआधी एवढं चालवा: ० चॅनेल, १ चॅनेल, ५ आणि ६ (ओळ बदलते तिथे), २४, २५. मग लॉगिंग चालू असताना २४ वरून ३ आणि परत १०, आणि चार ते दहाची लिमिटं नवीन आलीत का ते एकेक वाचा. लिमिट टाइप करत असताना रीडिंग बदलत राहतंय आणि टाइप केलेलं पुसत नाही ना ते बघा. शेवटी खिडकी क्रॉसवर क्लिक करून बंद करा आणि टास्क मॅनेजर उघडा. तुमची ईएक्सई अजून तिथे असेल तर कुठला तरी क्लोन मागे राहिलाय, सातव्या टप्प्यातलं थांबवायचं काम परत तपासा.